सुरी, विळी, अडकित्ता: पात्यावर घरच्या घरी नक्षी, तीही स्वस्तात

पोलादीपोहे:

भांड्यांच्या दुकानात नाव घालून देणारा माणूस टोकाचं मशीन घेऊन टिंबाटिंबांनी 'सप्रेम भेट' लिहितो. ताटवाटीला ते ठीक. सुरीचं पातं कडक केलेलं असतं, त्यावर ते टोक घसरतं, रेघ वाकडी जाते, आणि बरेच दुकानदार पातं बघूनच नको म्हणतात. मीठपाण्याला आणि करंटला मात्र पातं किती कडक आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. पात्यावर नाव कसं घालायचं ते व्यनितून (खाजगी निरोपातून) दोघातिघांनी विचारलं होतं, म्हणून सगळ्यांना एकदमच सांगतो.

लागतं काय, तर जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा, एक अँपिअरच्या आसपासचा डीसी अ‍ॅडॉप्टर. तो नसेल तर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. चालते, फक्त लवकर दमते. दोन क्रोकोडाइल क्लिपा, इअरबड, अर्धा कप पाणी आणि त्यात चमचाभर मीठ. अ‍ॅडॉप्टरची पिन कापल्यावर कुठली तार पॉझिटिव्ह हे कळत नसेल तर दोन्ही टोकं एकमेकांना न लावता मीठपाण्यात बुडवा. जिथून भराभर बुडबुडे येतात ती निगेटिव्ह.

खरं काम आहे ते साफसफाई आणि स्टेन्सिल. करंट देणं हा सगळ्यात शेवटचा आणि सोपा भाग. पातं आधी भांड्याच्या साबणाने घासायचं, मग स्पिरिटने किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसायचं. झालं की त्यावर पाणी ओतून बघा. सलग पसरलं तर पातं स्वच्छ, थेंब थेंब होऊन तुटलं तर अजून तेलकट आहे. नंतर तिथे बोट लावायचं नाही, बोटाचा ठसासुद्धा नक्षीत उमटतो.

स्टेन्सिलसाठी मी नंबरप्लेटवाल्या रेडियमच्या दुकानात जातो. मशीनवर कापून चाळीस-पन्नास रुपयांत देतो. एकच गोष्ट त्याला दोनदा सांगावी लागते. सवयीने तो बाहेरचं सोलून अक्षरं ठेवतो. आपल्याला उलटं हवं: अक्षरं काढायची, बाहेरचं ठेवायचं. स्टिकर लावल्यावर, क्लिपपुरती जागा मागच्या कण्यावर सोडून, उरलेलं सगळं पातं, मुख्य म्हणजे धार, इन्सुलेशन टेपने झाकून टाका.

आता पॉझिटिव्हची क्लिप पात्याच्या उघड्या भागाला, शक्यतो मागच्या कण्याला. निगेटिव्हची क्लिप इअरबडच्या कापसाला, दात कापसात रुततील अशी. प्लास्टिकच्या काडीला लावून उपयोग नाही, तिच्यातून करंट जात नाही. कापूस मीठपाण्यात भिजवून नक्षीवर टेकवा. चुर्र आवाज येतो, फेस येतो, कापूस काळा-हिरवट होतो. पाच-दहा सेकंद ठेवून उचलायचं, पुन्हा भिजवायचं, पुढच्या जागी. कापूस घाण झाला की बदला. क्लिपचं धातू पात्याला टेकू देऊ नका, ठिणगी उडते आणि तिथे डाग पडतो.

एवढ्याने करडी, खोलगट नक्षी मिळते. झाल्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून, धुऊन, कोरडं करून खोबरेल लावायचं. नक्षी कायम कण्याच्या बाजूला घ्या, धारेजवळ नको. चार वेळा धार लावलीत की ती घासून जाईल.

नगरी_नग:

लय भारी! वाखुसा (वाचनखूण साठवली). पण फोटो कुठंय? फोटोशिवाय धागा फाऊल.

रसायनराव:

छान लिहिलंय. थोडं आतलं सांगतो, म्हणजे लोकांना अंदाजपंचे करावं लागणार नाही.

पातं पॉझिटिव्हला असल्यामुळे तिथलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं, कापसाच्या बाजूला हायड्रोजन निघतो. मीठच का? नुसतं करंट वाहून नेण्यासाठी नाही. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळेच ते गंजत नाही. मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं.

किती वेळ लागेल याचं गणितही सोपं आहे. १ अँपिअर करंट १ मिनिट गेला तर साधारण १७ मिलिग्रॅम लोखंड विरघळतं. नक्षीचा उघडा भाग एकूण १ चौरस सेंटीमीटर धरला तर खोली येते सुमारे २२ मायक्रॉन. झेरॉक्सचा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे कागदाएवढी खोली हवी तर साडेचार मिनिटं, तीही सगळा करंट नक्षीतच गेला तर. नक्षी दुप्पट मोठी तर वेळ दुप्पट. बॅटरी असली की करंट पडत जातो, मग हे गणितही लांबतं.

आता नावडता भाग. स्टेनलेसमध्ये साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असतं, बऱ्याच जातींत निकेलही. तेही त्या काळ्या गाळात उतरतं, आणि क्रोमियमचा काही अंश कर्करोगकारक स्वरूपात जाऊ शकतो. इअरबडभर कामात घाबरण्यासारखं काही नाही, पण हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, तो कप पुन्हा चहाला वापरू नका आणि गाळ बेसिनमध्ये ओतू नका. क्रोम प्लेटिंग केलेल्या आणि गॅल्व्हनाइज्ड वस्तूंच्या वाटेला जाऊच नका. आणि काही ठिकाणी मीठपाण्यात व्हिनेगर घालायला सांगतात. करंट देणार असाल तर टाळा. आम्लात क्लोरीन वायू सुटायला मदत होते. ब्लीचिंग पावडरसारखा वास आला की थांबायचं.

पोलादीपोहे:

रसायनराव, गणिताबद्दल आभार. माझा अनुभव असा, की नखाला जाणवेल इतकी खोली झाली की थांबावं. त्यापुढे पाणी स्टिकरखाली शिरतं आणि कडा फाटतात.

आजीचीविळी:

अवांतर वाटेल, पण करंटशिवायही होतं. आमच्याकडे लोखंडी पात्याची विळी आहे. कैरी, केळफूल, लिंबू चिरून तशीच ठेवली तर पातं निळंकाळं पडतं, म्हणून आजी लगेच पुसून तेलाचं बोट फिरवायची. हेच मुद्दाम केलं तर? बाटलीतली तयार मोहरीची पेस्ट (मस्टर्ड सॉस) ठिपक्याठिपक्यांनी लावून तासदोन तास ठेवली की पात्यावर ढगाळ नक्षी येते. मी रांगोळीतली सात ठिपक्यांची कमळं काढून पाहिली, काडेपेटीतल्या काडीने. खोल नसतं, हाताला लागत नाही, पण दिसतं छान. शिवाय तो थर गंजाला थोडा अडवतोसुद्धा.

रसायनराव:

ताई, अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. मोहरीच्या पेस्टमध्ये व्हिनेगर आणि मीठ दोन्ही असतं, ती घट्ट असल्याने ओघळत नाही. केळफुलात टॅनिन असतं, लोखंडाबरोबर ते निळंकाळं संयुग देतं. फक्त हे साध्या पोलादावर होतं, स्टेनलेसवर मोहरी लावून बसलात तर मोहरी वाया.

मुद्राक्षर:

मी छापचित्रं करते, त्यामुळे हा धागा माझ्या अंगणातला. पात्यावर नक्षी करणारे आणि छापचित्रवाले मुळात एकाच घरातले. पंधराव्या-सोळाव्या शतकात जर्मनीतले कारागीर चिलखतांवर आम्लाने नक्षी करत. ऑग्सबर्गचा डॅनिएल हॉपफर हा असाच चिलखतांवर काम करणारा. तेच तंत्र त्याने लोखंडी पत्र्यावर वापरून कागदावर छापे काढले. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ ते १५१८ मध्ये केलेली एचिंगसुद्धा (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून काढलेले छापे) लोखंडी पत्र्यांवरची आहेत, तांब्यावरची नव्हेत.

करंटचा नाद नको असेल त्यांच्यासाठी फेरिक क्लोराइड. इलेक्ट्रॉनिक्सची सर्किट बोर्डं याच द्रावणात बनवतात. नायट्रिक अ‍ॅसिडपेक्षा बरंच सौम्य, त्यातून त्रासदायक तपकिरी धूर येत नाही. पाण्यात पूड टाकायची, पुडीवर पाणी ओतायचं नाही, आणि हळूहळू, कारण ते तापतं. काचेचं किंवा प्लास्टिकचं भांडं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चुकूनही नाही.

पात्याला त्यात नक्षीची बाजू खाली करून किंवा उभं लटकवायचं. पात्यातून सुटणारा गाळ रेघांमध्ये साचला तर खालचं पोलाद खाल्लं जात नाही आणि रेघ मध्येच उथळ राहते. उलटं ठेवलं की गाळ आपोआप खाली पडतो. दर पाचेक मिनिटांनी काढून, धुऊन बघत जा.

झाकण म्हणून नेलपॉलिश उत्तम. हाताला चिकटेनासं झालं की लगेच सुईने कोरा. रात्रभर ठेवलंत तर कडक होतं आणि कोरताना टवके उडतात, रेघेची कड करवतीसारखी दिसते. बारीक हातकाम करायचं असेल, वारलीचे मनुष्याकार वगैरे, तर स्टिकरपेक्षा हेच. रेघेला हाताची लय येते, मशीनने कापलेल्या अक्षरात ती नसते. परमनंट मार्करवर फार भरवसा नको, थोड्या वेळाने सुटतो.

सोल्डरबुवा:

फेरिक मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतं. एक महत्त्वाचं: ज्या फेरिकमध्ये आधी तांब्याचे बोर्ड काढलेत ते पात्याला वापरू नका. त्यातलं तांबं पोलादावर बसतं, पातं लालसर होतं आणि नक्षी मार खाते. पात्यासाठी बाटली वेगळी.

आमच्या लाइनमधली आणखी एक युक्ती. लेझर प्रिंटरवर उलटी प्रत काढायची, गुळगुळीत मासिकाच्या कागदावर. पात्यावर ठेवून इस्त्री फिरवायची, मग पाण्यात भिजवून कागद बोटाने चोळून काढायचा. टोनर पात्याला चिकटून राहतो आणि तोच झाकणाचं काम करतो. इंकजेटची प्रत चालत नाही. प्लास्टिक मुठीची सुरी असेल तर इस्त्री जपून, मूठ वितळते.

काळी नक्षी हवी असेल तर आधी डीसीने खोदायचं, मग कमी व्होल्टच्या एसीने काळं करायचं. एसीत धातू आलटून पालटून सुटतो आणि ऑक्साइड होऊन तिथेच बसतो, त्यामुळे अक्षर काळंभोर उठतं. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर त्यासाठी चालतो. पण त्याच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात. डबी, फ्यूज, झाकलेले जोड यातलं काही येत नसेल तर नाद करू नका. मेनमधून थेट वायर आणणाऱ्याला मी ओळख दाखवणार नाही.

उसाचाकोयता:

आमच्याकडं कोयते गाडीच्या पाट्याचे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचे), भट्टीवर घडवलेले. फडात पंचवीस कोयते एका ठिकाणी पडले की कुणाचा कुठला कळत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, त्यामुळं 'माझा कोयता कुठंय' हा प्रश्न दोन अर्थी होतो, हलके घ्या. तर नाव टाकायचंय. पण पातं भट्टीतून आल्यासारखं काळं खवलेदार आहे. त्यावर चालंल का?

पोलादीपोहे:

तसंच चालणार नाही दादा. ती काळी खपली म्हणजे ऑक्साइड. तिच्यातून करंट नीट जात नाही आणि ती कुठे सुटते, कुठे राहते, त्यामुळे अक्षर खाल्ल्यासारखं दिसतं. नाव टाकायचं तेवढाच भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याखाली ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा. खाली चकचकीत पोलाद दिसलं की पॉलिश पेपर फिरवून पुढचं सगळं वर लिहिल्याप्रमाणे. कोयत्याला खोल नक्षी हवी, नाहीतर एका हंगामात घासून जाईल. मुठीजवळ घाला. आणि एक-दोन अक्षरांवर भागवा, पूर्ण नाव नको.

टिंबटिंब:

मदत हवी. बायकोच्या सुरीवर 'भाग्यश्री' घातलं. 'भ'ची गाठ भरून गेली आणि शिरोरेषा बोटभर जाड झाली. 'श्री' तर ओळखूच येत नाही. ९ व्होल्ट बॅटरी, नेलपॉलिशवर कोरलं होतं. काय चुकतंय?

मुद्राक्षर:

कोरताना टवके उडाले असणार, पॉलिश जास्त वाळलं होतं. दुसरं, देवनागरीत 'भ', 'व', 'क', 'म' यांच्या पोटात छोटी बेटं असतात. अक्षर लहान असेल तर ते बेट चिमुकलं उरतं आणि पाणी चारही बाजूंनी त्याच्याखाली शिरतं. अक्षर निदान आठ-दहा मिलिमीटर उंच घ्या. शिरोरेषा मूळ अक्षराच्या रेघेपेक्षा बारीक कोरा, कारण सर्वांत लांब सलग रेघ तीच आणि सर्वांत जास्त फुगते तीही तीच. 'श्री'ला सुटं, उघडं वळण द्या. जोडाक्षरं छापील फॉन्टमध्ये दाटीची असतात.

पोलादीपोहे:

शिवाय इअरबड ओलाचिंब असला की पाणी सगळीकडे पसरतं. भिजवून कपाच्या काठावर एकदा निपटून घ्या. आणि दाबू नका, नुसता टेकवा. कडेवर दाब दिला की पॉलिश उचललं जातं. आता जे झालंय ते ८०० च्या, मग १२०० च्या वॉटर पेपरने पाण्यात भिजवून घासून काढा आणि पुन्हा घाला. उथळ असेल तर निघेल.

टिंबटिंब:

धन्यवाद दोघांनाही. बायको म्हणते 'भा.' एवढंच घाला.

शंकासुर:

दोन शंका. एक, असं काही लावून साध्या सुरीवर डमास्कसची ती लाटालाटांची नक्षी येते का? ऑनलाइन स्वस्तात मिळतात त्या खऱ्या असतात? दोन, तलवारीवर केलं तर चालतं का?

मुद्राक्षर:

नाही येत. डमास्कसची नक्षी पोलादातच असते, आम्ल फक्त ती दाखवतं. दोन जातींचे पोलादी थर एकत्र ठोकून घडवलेले असतात. त्यातला निकेलवाला थर आम्लाला दाद देत नाही आणि चकचकीत राहतो, दुसरा काळा पडतो. आपल्याकडचं जुनं वूट्झ पोलाद वेगळं, त्यात थर नसतात, एकाच ढेपेत कार्बाइडच्या रांगा तयार होतात आणि त्या आम्लाने दिसतात. साध्या सुरीला फेरिकमध्ये बुडवलंत तर सगळीकडे सारखी करडी होईल.

ऑनलाइनची परीक्षा सोपी आहे. एका कोपऱ्यात नक्षी घासून टाका आणि तिथे फेरिकचा थेंब ठेवा. खरं असेल तर नक्षी परत उगवेल, लेझरने वर छापलेलं असेल तर उगवणार नाही.

सोल्डरबुवा:

तलवारीबद्दल: शस्त्रं बाळगण्याचा कायदा वेगळा, नक्षीचा त्याच्याशी संबंध नाही. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू घरकाम, शेती किंवा कारखान्यासाठी नसेल तर तो शस्त्रांच्या यादीत येतो. विळी, कोयता, सुरी यांची काळजी नको. पण नक्षीदार जांबिया घेऊन मिरवणुकीत गेलात तर पोलीस हा धागा वाचून सोडणार नाहीत.

नगरी_नग:

हा हा. फोटो अजून आलाच नाही, पोहेराव.

सुपारीफुटली:

उशिरा आले. आजोबांचा अडकित्ता आहे, पितळी मुठी आणि पोलादी पातं. मुठींवर वेल आहे, झिजून गेलाय. तोच पुन्हा उठवायचाय. फेरिकमध्ये सबंध बुडवला तर?

मुद्राक्षर:

अजिबात नको! पितळ आणि पोलाद दोन्ही एकत्र बुडवले की पोलाद वेगाने खाल्लं जातं आणि पितळेतून सुटलेलं तांबं त्याच्यावर जाऊन बसतं. सबंध बुडवूच नका. पातं आणि खिळ्याचा सांधा मेणाने पूर्ण झाका आणि मुठीवर फेरिकचे थेंब ब्रशने ठेवत काम करा. पितळेवर फेरिकमध्ये थोडं सायट्रिक अ‍ॅसिड घातलं तर गाळ विरघळून जातो आणि रेघ स्वच्छ येते. छापचित्रवाले त्याला एडिंबरा एच म्हणतात, तांब्या-पितळेला हेच वापरतात. किराणा दुकानातलं लिंबूफूल चालेल. पण आधी घासलेला वेल नीट बघा. जुन्या मुठींवरची नक्षी बहुतेक छिन्नीने ठोकलेली असते. आम्लाची रेघ तिच्या शेजारी वेगळी दिसेल, सपाट तळाची.

सुपारीफुटली:

भिंगातून पाहिलं. छिन्नीचीच आहे, रेघेच्या एका टोकाला खोल आणि दुसरीकडे उथळ होत गेलेली.

पोलादीपोहे:

मग मुठी राहू देत तशाच. ज्यांना हात लागून लागून त्या झिजल्यात त्यांचं काही पुसू नका. नवीन काही घालायचं असेल तर पात्याच्या बाहेरच्या अंगावर, कण्याजवळ, आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर मीठपाण्याने घाला. सुपारी फुटते ती आतली कड टेपने दुहेरी झाका. आणि जुनं पोलाद साधं असतं, स्टेनलेसपेक्षा लवकर खाल्लं जातं, त्यामुळे एक-एक मिनिटाला थांबून बघा.

रसायनराव:

उरलेल्या फेरिकचं काय करायचं हे कुणी विचारलं नाही. धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला, फेस यायचा थांबेपर्यंत. तपकिरी गाळ खाली बसतो. गाळ वाळवून, पिशवीत बांधून, घातक कचरा म्हणून वेगळा द्या. स्टीलच्या सिंकमध्ये सोडलंत तर सिंकवरच नक्षी येईल. कपड्यावरचा फेरिकचा डाग निघत नाही, जुना शर्ट घालून बसा.